बॉस्टनची पब्लिक गार्डन : आई आणि सहा वर्षांची मुलगी सोबत असताना अर्धा दिवस कसा घालवावा?

साताराकर (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही न्यू जर्सीहून दोन दिवसांसाठी बॉस्टनला जाणार आहोत. माझी आई सध्या साताऱ्याहून आमच्याकडे आली आहे. तिचे वय ७२ असून गुडघ्यांमुळे ती सलग पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त चालू शकत नाही. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी आहे. मुलीच्या शाळेत कांस्याच्या बदकांची आणि हंसाच्या आकाराच्या बोटींची चित्रे दाखवल्यापासून तिने पब्लिक गार्डनचा ध्यास घेतला आहे.

चार वर्षांपूर्वी मी एकटा बॉस्टनला गेलो होतो, तेव्हा एका पर्यटन बसने आम्हांला या बागेसमोर उतरवून बरोबर वीस मिनिटांत परत बोलावले होते. पूल, त्याखालचे पाणी आणि घोड्यावरचा एक पुतळा एवढेच घाईघाईने पाहून मी परतलो, आणि नेमके काय पाहिले हे आजही मला सांगता येत नाही. या वेळी तसे होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. शहराच्या मध्यावरील या एका बागेसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, इतके तेथे आहे का? बाग कोणत्या बाजूने पाहायला सुरुवात केली म्हणजे आईला कमीत कमी चालावे लागेल? हंसबोटीत बसणे तिला झेपेल का? शिवाय आई प्रत्येक ठिकाणी ‘हे कोणी बांधले आणि का बांधले’ असे विचारते, तेव्हा त्या तळ्याचा आणि बागेचा इतिहास कोणी थोडा विस्ताराने सांगितला तर मी तिला तेथे बाकावर बसून सांगू शकेन.

चार्ल्सकाठ

मी चौदा वर्षे बॉस्टनमध्ये राहतो आणि त्यांतली नऊ वर्षे रोज ही बाग ओलांडून कामावर जातो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला नि:शंकपणे ‘होय’ असे उत्तर देतो. मात्र अर्धा दिवस राखायचा तो पुष्कळ गोष्टी पाहून व्हाव्यात म्हणून नव्हे. संपूर्ण बाग २४ एकरांची आहे आणि धडधाकट माणूस ती दहा मिनिटांत आडवी पार करतो. वीस मिनिटांत तुमच्या पदरी काही पडले नाही याचे कारण हेच आहे, की ही बाग मुख्यत: पाण्याकाठी बसून पाहायची आहे. विलोच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या असतात, बोटी एकीमागून एक पुलाखालून सरकत असतात, बदके काठावर चढून माणसांच्या पायांशी येतात, आणि झाडांच्या मागे शहराच्या उंच इमारती दिसत असूनही गाड्यांचा आवाज इतका दूर जातो की आपण रहदारीच्या चार रस्त्यांच्या मध्ये बसलो आहोत हे लक्षात राहत नाही. हे अनुभवायला काठावर किमान तासभर लागतो.

आता मार्गाचे सांगतो. भुयारी रेल्वेच्या ग्रीन लाइनने आलात तर आर्लिंग्टन स्थानकावर उतरा, कारण तेथे लिफ्ट आहे. बॉइलस्टन स्थानकही नकाशावर जवळ दिसते, परंतु तेथे जिने चढावे लागतात आणि ते तुमच्या आईंसाठी योग्य नाही. आर्लिंग्टन स्थानकातून वर आलात की बागेचा नैर्ऋत्य कोपरा समोरच असतो. तेथून आर्लिंग्टन रस्त्याच्या कडेने थोडे उत्तरेला गेल्यावर मधले मोठे प्रवेशद्वार लागते आणि आत शिरताच जॉर्ज वॉशिंग्टन यांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. तो टॉमस बॉल या शिल्पकाराने घडवला असून १८६९ मध्ये येथे उभारण्यात आला. पुतळ्यापासून सरळ जाणारी वाट पुलावर नेते, आणि हंसबोटींचा धक्काही पुलापासून जवळच आहे. प्रवेशद्वारापासून पाण्यापर्यंतचे अंतर आईंना सहज जमेल, आणि वाटेत बाक भरपूर आहेत.

हंसबोटीबद्दल निश्चिंत राहा. बोट म्हणजे दोन तरंडांवर बसवलेला सपाट तराफा असतो, त्यावर ओळीने बाक असतात आणि सुमारे वीस माणसे बसतात. मागच्या बाजूला मोठा पांढरा हंस असतो आणि त्याच्या पंखांमध्ये बसलेला चालक सायकलसारखे पायडल मारून बोट चालवतो. इंजिन नसल्यामुळे आवाज नाही, धूर नाही आणि हेलकावेही जवळजवळ नाहीत. फेरी साधारण पंधरा मिनिटांची असते. धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकताना आईंना हात द्यावा, एवढीच काळजी पुरे.

या बोटींचा इतिहासही आईंना सांगण्याजोगा आहे. रॉबर्ट पॅजेट नावाच्या जहाजबांधणी करणाऱ्या माणसाने १८७७ मध्ये त्या सुरू केल्या. पायडल मारणारा माणूस कशाच्या तरी आड झाकावा असे त्याच्या मनात होते, आणि जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘लोहेनग्रीन’ या संगीतिकेत नायक हंसाने ओढलेल्या नावेतून येतो, तो प्रसंग त्याला आठवला. त्यातून चालकाला हंसाच्या आड बसवण्याची कल्पना निघाली. दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट वारला. त्याची पत्नी जूलिया हिच्यावर मुलाबाळांचा भार होता, तरीही तिने हा व्यवसाय पुढे अनेक वर्षे स्वत: चालवला. आजही बोटी त्याच घराण्याकडे आहेत, आणि २०२० च्या महामारीपर्यंत त्यांचा एकही हंगाम चुकला नव्हता. मला स्वत:ला बोटीत बसताना रॉबर्टपेक्षा जूलियाचीच आठवण अधिक येते.

हंगाम एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे कामगार दिनाला, संपतो. तुम्ही मेच्या आरंभी येत आहात ते उत्तम, कारण ट्यूलिपचे ताटवे साधारण त्याच सुमारास फुललेले असतात. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर मात्र बोटी थांबवतात, म्हणून मुलीला आदल्या रात्री पक्का शब्द देऊ नका. आणि मे महिना असला तरी पाण्यावरून येणारा वारा गार असतो, तेव्हा आईंसाठी शाल आणि कानटोपी जवळ ठेवा.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. बागेत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहाची सोय पाहून घ्या. कॉप्ली चौकातील सार्वजनिक ग्रंथालय सर्वांना खुले असते आणि त्याची १८९५ ची जुनी इमारत पाहण्यासारखीही आहे. तेथून बागेकडे येताना लागणाऱ्या आडव्या रस्त्यांची नावे डार्टमथ, क्लॅरेंडन, बर्कली, आर्लिंग्टन अशी इंग्रजी वर्णमालेच्या उलट्या क्रमाने लागतात. मुलीला ती ओळखायला सांगा, म्हणजे रस्ता कसा संपला ते तिला कळणार नाही. आईंना मात्र हे अंतर चालवू नका. कॉप्ली स्थानकावरून एकच थांबा आहे.

खाजणवाट

वरील प्रतिसादात मार्गाचे सर्व आले आहे, म्हणून मी तुमच्या आईंच्या प्रश्नाकडे वळतो. ‘हे कोणी बांधले आणि का बांधले’ हाच या बागेविषयीचा खरा प्रश्न आहे, असे मला वाटते, कारण येथे जे नैसर्गिक दिसते त्यातले जवळजवळ काहीच मुळात येथे नव्हते.

आईंना कोकणातले खाजण ठाऊक असेल, तर त्यांना ही जागा एका वाक्यात समजेल. दोनशे वर्षांपूर्वी येथे खाजण होते. चार्ल्स नदीच्या मुखाशी भरतीचे खारे पाणी आत शिरायचे आणि ओहोटीला काळा चिखल उघडा पडायचा. आज बागेच्या पूर्वेला जो चार्ल्स रस्ता आहे, त्याच्या आसपास बॉस्टन कॉमनचा, म्हणजे १६३४ पासून गावाच्या सामाईक मालकीच्या कुरणाचा, किनारा संपत असे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री लेक्सिंग्टन आणि कॉंकॉर्डकडे निघालेले ब्रिटिश सैनिक याच किनाऱ्यावरून होड्यांत चढले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आज त्या परिसरात मुले आइस्क्रीम खात उभी असतात आणि पाण्याचा किनारा कोठे होता याचा मागमूसही दिसत नाही.

पुढे या चिखलाच्या काठावर दोरखंड वळण्याचे लांबच लांब कारखाने आले. शिडाच्या जहाजांच्या काळात बंदराच्या गावाला दोरखंड हवेच असत, परंतु ताग आणि डांबर एकत्र असल्यामुळे आगीचे भय मोठे होते आणि हे कारखाने गावाच्या दाट वस्तीत कोणालाही नको होते. १८२४ मध्ये नगराने ही जागा पुन्हा आपल्याकडे घेतली. तिचे काय करायचे यावर मग पस्तीस वर्षे वाद चालला. १८३७ मध्ये होरेस ग्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी येथे वनस्पती-उद्यान करण्याची परवानगी मिळवली. अमेरिकेतील पहिले सार्वजनिक वनस्पती-उद्यान म्हणून या बागेचा उल्लेख होतो तो या वर्षामुळे. मात्र ग्रे यांची सांपत्तिक स्थिती पुढे ढासळली आणि बागेलाही उतरती कळा लागली. शहर वाढत होते, जमिनीला भाव येत होता, आणि येथे घरांचे भूखंड पाडून विकावेत असे म्हणणारे लोक अधिकारपदांवर होते. अखेर १८५९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ही जागा बागेसाठी राखली आणि बॉस्टनच्या मतदारांनी त्याला मोठ्या बहुमताने संमती दिली. मी या बागेकडे पाहतो तेव्हा मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. तळे आणि पूल हे त्यानंतरचे.

त्याच सुमारास बागेच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेण्यात आली. जॉर्ज मीचम या तरुण वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला आणि त्याला शंभर डॉलरचे बक्षीस मिळाले. वळणावळणाच्या काठाचे तळे आणि त्याभोवती नागमोडी वाटा ही त्याची कल्पना. तळे १८६१ च्या सुमारास तयार झाले. इंग्रजीत त्याला ‘लगून’ म्हणतात, पण समुद्राशी त्याचा आता काहीही संबंध नाही. ते उथळ, बांधीव, गोड्या पाण्याचे तळे आहे आणि हिवाळ्यासाठी त्यातले पाणी उतरवले जाते. जेथे दिवसातून दोनदा खारे पाणी आपोआप येत होते, तेथे आधी भराव घालून समुद्र मागे सारला आणि मग माणसांनी मुद्दाम खड्डा खणून पाणी पुन्हा आणले, हे आईंना काठावर बसून सांगा.

बागेच्या पश्चिमेला जी विटांची देखणी घरे दिसतात, त्या संपूर्ण भागाचे नाव ‘बॅक बे’. मुंबईकरांना हे नाव परके नाही. आपल्याकडच्या बॅकबेप्रमाणेच येथेही समुद्राच्या पाण्यात भराव टाकून जमीन करण्यात आली. १८५८ च्या सुमारास काम सुरू झाले आणि भरावाची रेती नऊ-दहा मैलांवरच्या नीडम गावातून आगगाडीच्या वाघिणींमधून रात्रंदिवस आणली जात असे. भुसभुशीत जमिनीवर इमारती उभ्या राहाव्यात म्हणून खाली लाकडी खुंट ठोकलेले आहेत. कॉप्ली चौकातले ट्रिनिटी चर्च अशा सुमारे ४५०० खुंटांवर उभे आहे. हे खुंट भूजलात बुडालेले असेपर्यंतच टिकतात, पाण्याची पातळी खाली गेली की कुजू लागतात, आणि म्हणून या भागात आजही भूजलाची पातळी नियमितपणे मोजतात. पाण्याला हटवून वसवलेली वस्ती पाण्याच्याच आधाराने उभी आहे.

पुलाविषयी थोडक्यात सांगतो. विल्यम प्रेस्टन याने आराखडा केलेला हा पूल १८६७ मध्ये बांधला आणि जगातला सर्वांत लहान झुलता पूल म्हणून तो मिरवत असे. १९२१ मध्ये खालून तुळया घालून तो पक्का करण्यात आला, त्यामुळे आज दिसणाऱ्या साखळ्या शोभेपुरत्या आहेत आणि भार तुळयांवर आहे.

साताराकर

दोघांचेही मन:पूर्वक आभार. खाजणाचा उल्लेख वाचून दाखवला तेव्हा आई चटकन म्हणाली की हे अगदी पुण्याच्या उलट झाले. पर्वतीच्या पायथ्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात तळे केले, त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीचे मंदिर बांधले, आणि विसाव्या शतकात ते तळे बुजवून सारसबाग झाली. तळे गेले, पण लोकांच्या तोंडी देव अजून ‘तळ्यातला गणपती’च आहे. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, तेथे पाणी पाहिले होते. बॉस्टनला चिखल बुजवून तळे खणले, हे तिला फार नवलाचे वाटले आहे.

आणखी एक विचारतो. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती आणि निवृत्तीपूर्वीची अठरा वर्षे तिने शस्त्रक्रियागृहात काम केले. बागेत भुलीच्या औषधाचे काही स्मारक आहे, असे पत्नीने कोठेतरी वाचले. ते खरे आहे का? आणि ते आईला चालत गाठता येईल का?

पाऊलखूण

बोटीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, तेवढे नोंदवतो. शनिवार-रविवारी आणि हवा चांगली असेल तेव्हा बोटीसाठी रांग लागते, आणि पंधरा मिनिटांच्या फेरीसाठी सहा वर्षांच्या मुलीला आणि ७२ वर्षांच्या आजींना उन्हात उभे करणे मला पटत नाही. आम्ही गेलो तेव्हा आमचा सगळा उत्साह त्या रांगेत संपला आणि पुढे मुले फक्त कुरकुरत राहिली. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. ते शक्य नसेल तर बोटी काठावरून पाहा, त्या काठावरूनच अधिक सुंदर दिसतात. मुलीसाठी बदके पुरेशी आहेत.

ही बदके बीकन आणि चार्ल्स या दोन रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ, म्हणजे ईशान्येला आहेत. रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्या १९४१ च्या ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ या बालपुस्तकातली बदकीण आणि तिची आठ पिल्ले याच तळ्यात राहायला येतात. त्यांवरून नॅन्सी शॉन या शिल्पकर्तीने ही कांस्यशिल्पे केली आणि १९८७ मध्ये ती येथे बसवली. कोठेही कठडा नाही, चौथरा नाही. शिल्पे जुन्या दगडी फरसबंदीवर ओळीने ठेवलेली आहेत आणि मुलांनी त्यांवर बसावे म्हणूनच इतकी खाली आहेत. लाखो मुलांच्या हातांनी त्यांची डोकी सोन्यासारखी चकाकू लागली आहेत. सण-उत्सवांत लोक त्यांना टोप्या आणि स्वेटर घालतात. पिल्लांची नावे जॅक, कॅक, लॅक, मॅक, नॅक, ऊअ‍ॅक, पॅक आणि क्वॅक अशी आहेत. तुमच्या मुलीला ती बहुधा पाठ असतील. अशाच शिल्पांची एक ओळ १९९१ मध्ये अमेरिकेने मॉस्कोला भेट दिली, तीही तेथील एका तळ्याच्या काठीच आहे.

भूलतज्ज्ञ

मी नाशिकला भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. तीन वर्षांपूर्वी बॉस्टनला एका परिषदेसाठी गेलो असताना केवळ या स्मारकासाठी बागेत गेलो होतो, म्हणून तुमच्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

होय, स्मारक आहे आणि ते आर्लिंग्टन रस्त्याच्याच बाजूला, बागेच्या वायव्य भागात आहे. वॉशिंग्टन यांच्या पुतळ्यापासून उत्तरेला पाच-सात मिनिटे सावकाश चालले की पोहोचता येते. बागेतले हे सर्वांत जुने स्मारक. १८६८ मध्ये त्याचे अनावरण झाले आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स वॉर्ड यांनी वरचे शिल्प घडवले. ईथर या औषधाने वेदना थांबवता येतात हे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्वांसमक्ष सिद्ध झाले, त्याचे हे स्मारक आहे. त्या दिवशी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट अ‍ॅबट नावाच्या रुग्णाला ईथर हुंगवले आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. शस्त्रक्रियेत रुग्ण किंचाळला नाही. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रुग्णाला धरून ठेवायचे आणि शल्यविशारदाने शक्य तितक्या झटपट कापायचे, अशी स्थिती होती. आईंनी शस्त्रक्रियागृहात अठरा वर्षे काढली आहेत, त्यांना हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

स्मारकावर एकाही वैद्याचे नाव नाही, आणि याचे कारण जाणून मग ते पाहावे. श्रेय कोणाचे यावरून मॉर्टन आणि त्यांना ईथरविषयी सल्ला देणारे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जॅक्सन यांच्यात तीव्र वाद झाला. दूर अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरांनी १८४२ मध्येच ईथर वापरले होते, मात्र त्यांनी ते प्रसिद्ध केले नव्हते. या वादात एकाची बाजू घेण्याऐवजी स्मारक कोणा माणसाचे न करता शोधाचेच केले गेले. वर दिसतो तो फेटा आणि लांब झगा घातलेला एक वृद्ध. त्याच्या मांडीवर एक तरुण निपचित टेकलेला आहे आणि वृद्धाच्या हातात कापड आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाची शुश्रूषा करणारा सज्जन बायबलमध्ये येतो, त्याच्यावरून ही कल्पना घेतली आहे. खाली बायबलमधलेच ‘यापुढे वेदनाही राहणार नाहीत’ या अर्थाचे वचन कोरलेले आहे. चारही बाजूंना उठावशिल्पे आहेत, त्यांतले रणांगणावरचे इस्पितळ दाखवणारे शिल्प आईंना अवश्य दाखवा.

ज्या घुमटाखाली हा प्रयोग झाला तो ‘ईथर डोम’ रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत अजून जपलेला आहे, परंतु गुडघ्यांचा त्रास असताना एकाच दिवसात दोन्ही करू नयेत.

खाजणवाट

बागेच्या सावलीविषयी एक गोष्ट राहून गेली, ती जोडतो, कारण १८५९ च्या कायद्याने प्रश्न कायमचा सुटला असा समज माझ्या लिहिण्यातून होऊ शकतो. १९७० च्या सुमारास बागेच्या दक्षिणेला उत्तुंग इमारतींची रांग उभारण्याची योजना पुढे आली. त्या उभ्या राहिल्या असत्या तर त्यांची सावली तळ्यावर आणि ताटव्यांवर पडली असती. नागरिकांनी एकत्र येऊन विरोध केला, आणि ‘फ्रेंड्स ऑफ द पब्लिक गार्डन’ ही संस्था याच काळातली आहे. पुढे १९९० मध्ये कॉमनसाठी आणि १९९३ मध्ये या बागेसाठी, नव्या इमारतींची सावली किती वेळ पडू द्यायची यावर मर्यादा घालणारे कायदे झाले. २०१७ मध्ये एका उंच इमारतीसाठी त्यांतून सवलत देण्यात आली, तेव्हाही शहरात बराच वाद झाला. उन्हाचा हक्क कायद्यात लिहिलेली बाग मी दुसरी पाहिलेली नाही. दुपारी बाकावर ऊन आले की आईंना हेही सांगा.

साताराकर

काल परतलो. सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास आर्लिंग्टन स्थानकावर उतरलो. वारा असल्यामुळे बोटी बंद होत्या, आणि आदल्या रात्री शब्द दिला नव्हता म्हणून मुलीने ते निमूटपणे मानले. प्रथम स्मारकाकडे गेलो. आईने चारही बाजूंची शिल्पे सावकाश पाहिली, रणांगणावरच्या शिल्पापाशी बराच वेळ थांबली आणि मग वरच्या त्या तरुणाच्या लोंबणाऱ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, “भूल पूर्ण चढली की हात असाच पडतो. करणाऱ्याने नीट पाहून केलंय.” तिच्या कामाच्या दिवसांविषयी ती घरी फारसे बोलत नाही. त्या बाकावर मात्र ती माझ्या पत्नीला तासभर सांगत होती, आणि त्यातले बरेचसे मीही प्रथमच ऐकले. वचनाचा मराठी अर्थ तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

दुपारी वारा पडला आणि बोटी सुरू झाल्या. आठवड्याचा मधला दिवस असल्याने रांग लहान होती, त्यामुळे ‘पाऊलखूण’ यांचा सल्ला कामी आला. धक्क्यावरच्या तरुणाने आईला हात देऊन पुढच्या बाकावर बसवले. बोट बेटाला वळसा घालत असताना मी तिला जूलियाची गोष्ट सांगितली. नवरा गेल्यावर मुलांना कोणी सांभाळले, एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. बदकांकडे पोहोचेपर्यंत मुलगी दमली होती, तरी तिने आठही पिल्लांची नावे क्रमाने म्हटली आणि शेवटच्या क्वॅकच्या पाठीवरून उठायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंदराकडे जायचे ठरवले होते. आईने ऊन आल्यावर तळ्याकाठच्या त्याच बाकावर पुन्हा बसायचे आहे असे सांगितले, म्हणून तो बेत सोडला, आणि न्यू जर्सीकडे निघायला आम्हांला दुपारचे दोन वाजले.